उतारवयात व्यायामाची सुरुवात कशी करावी ?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ज्येष्ठ शेतकरी व त्यांच्या कुटुंबियांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एरवी मी आपल्यासमोर उभा राहतो तो कपाशीतील अंतर, हरभऱ्याची पेरणी किंवा तणनियंत्रण अशा विषयांवर बोलण्यासाठी. आजचा विषय निराळा आहे. मी वैद्यकीय डॉक्टर नाही, कृषिविद्या शिकवितो. समोर बसलेले बहुतेक जण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. त्यामुळे आपल्याला व्यायामाविषयी सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण माझ्या घरात जी चूक झाली ती आपल्या घरात होऊ नये. जे सांगणार आहे ते डॉक्टरांना आणि भौतिकोपचार तज्ज्ञांना विचारून, वाचून आणि घरी करून पाहिलेले आहे.

आमच्या घरची गोष्ट

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. तापीकाठी आमची केळी, कपाशी आणि थोडा हरभरा अशी शेती आहे. वयाच्या ६४ व्या वर्षी नानांनी शेतीचा कारभार माझ्या धाकट्या भावाकडे सोपविला. तोपर्यंत त्यांचा दिवस पहाटे विहिरीवरची मोटर चालू करण्यापासून सुरू होत असे. घरापासून विहीर दीड किलोमीटर. दिवसातून दोन फेऱ्या ठरलेल्या. शिवाय बांध चढणे, चारी ओलांडणे, वाकून ठिबकच्या नळ्या पाहणे हे चालूच असे.

आम्हा भावांना वाटले, नानांनी जन्मभर कष्ट केले, आता त्यांना आराम द्यावा. विहिरीवर मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसविला. घरात कमोड बसविला. जेवायला टेबल-खुर्ची आणली. शेतात जायचेच झाले तर भाऊ मोटारसायकलवर बसवून नेई. लोक म्हणत, मुले गुणी निघाली.

तीन वर्षांनी नात्यातील एका लग्नात नाना पंगतीला जमिनीवर बसले. जेवणे झाली, सगळे उठले, पण नानांना उठता येईना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. त्या दिवसापासून त्यांनी पंगतीला जाणे सोडले. मग कीर्तनाला जाणे सोडले, मग कोणाकडे दुःखाला भेटायला जाणेही टाळू लागले. विचारले की ‘बरे वाटत नाही’ एवढेच उत्तर मिळे. तपासण्या केल्या. रक्तदाब गोळीने आटोक्यात होता, साखर किंचित वाढलेली होती, मोठा आजार कोणताच नव्हता. डॉक्टरांनी मला विचारले, “हे दिवसभर काय करतात ?” मी अभिमानाने सांगितले, “काहीच नाही. आम्ही त्यांना काही करू देत नाही.” डॉक्टर म्हणाले, “मग पाय कशाने टिकतील ?”

पिकाचे पाणी बंद केले तर पीक सुकते, हे मी वर्गात रोज शिकवितो. घरात मात्र मी वडिलांचे चालणे बंद केले आणि त्याला सेवा समजलो.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला ?

हा प्रश्न हमखास येतो. “आम्ही शेतात राबणारे, व्यायाम शहरातल्या खुर्चीवाल्यांनी करावा” असे आपण म्हणतो. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. मोट होती, बैलजोडी होती, बाजारालाही पायी जाणे होते. साक्री तालुक्यात पांझरेच्या फड बागायतीत पाटकऱ्याचा दिवस पाटाच्या काठाने चालण्यातच जात असे. बायकांना जात्यावरचे दळण आणि विहिरीचे पाणी होते. आज ट्रॅक्टर, ठिबक, पिठाची गिरणी, नळ आणि मोटारसायकल आली. ही साधने चांगलीच आहेत, ती कोणी सोडावी असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी अंगाचे जे काम काढून घेतले ते दुसऱ्या मार्गाने भरून काढले पाहिजे.

ज्यांनी अजून शेत सोडलेले नाही त्यांनीही एक फरक लक्षात घ्यावा. शेतातील मेहनत ही पावसासारखी आहे. पेरणीला आणि वेचणीला ती एकदम कोसळते, मध्ये महिनाभर खंड पडतो, आणि किती पडावी हे आपल्या हातात नसते. शिवाय ती एकांगी असते. कापूस वेचताना कंबर दिवसभर वाकलेली राहते, फवारणीत खांद्यावर ओझे राहते, पण मांड्यांना किंवा तोल सांभाळण्याच्या शक्तीला त्यातून पुरेसे काम मिळेलच असे नाही. व्यायाम हा ठिबकासारखा आहे. जेथे हवा तेथे, जेवढा हवा तेवढा आणि रोज. कोरडवाहू पीक निव्वळ पावसावर येते, हे खरे. पण उतारवयातील शरीर आता हलक्या जमिनीसारखे झालेले असते. एकदम दिलेले पाणी त्यात टिकत नाही, थोडे थोडे दिलेले टिकते.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे प्रमाण साधारणपणे ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर हाडेही झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. अशा वेळी न्हाणीघरात किंवा ओट्यावरून एकदा पडणे झाले आणि खुब्याचे हाड मोडले, तर चालते-फिरते माणूस खाटेला खिळते. म्हणून या वयात व्यायामाचा हेतू शरीर पिळदार करणे हा नाही. स्वतःच्या पायांनी शेताच्या बांधापर्यंत जाता यावे, जमिनीवरून स्वतः उठता यावे आणि पडू नये, एवढा आहे.

आता उशीर झाला का ?

नाही. याला आधार आहे.

१९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका वृद्धनिवासातील दहा अतिवृद्धांवर प्रयोग करण्यात आला. त्यांचे सरासरी वय ९० वर्षे होते. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांच्या स्नायूंचा, वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जे स्नायू संपले असे वाटत होते ते पडीक जमिनीसारखे होते. मशागत मिळताच त्यांनी साथ दिली. नव्वदीत हे होत असेल तर आपली साठी-सत्तरी अजून हंगामातच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. आचार्य विनोबा भावे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथेच त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपल्याला माहीत आहेच. विनोबांची प्रकृती मुळात नाजूक, त्यात पोटाचा जुना विकार. १९३८ साली तब्येत फारच खालावली म्हणून ते पवनारला राहावयास गेले. तेथे त्यांनी शेतात खणण्यास सुरुवात केली. सुरुवातीला अगदी थोडा वेळ, मग रोज थोडी थोडी वाढ. अशा रीतीने त्यांनी वजन आणि ताकद परत मिळविली. पुढे १९५१ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी, भूदानासाठी त्यांची पदयात्रा सुरू झाली आणि ती सुमारे तेरा वर्षे चालली. ज्या वयात आपण पायांना सुट्टी देतो, त्या वयात त्यांनी पायांना काम दिले.

तिसरे उदाहरण फौजा सिंग यांचे. ते जालंधर जिल्ह्यातील शेतकरी, पुढे इंग्लंडमध्ये मुलांकडे राहावयास गेले. धावण्याचा खरा सराव त्यांनी वयाच्या ऐंशीनंतर सुरू केला. २००० साली ८९ व्या वर्षी लंडनची आणि २०११ साली शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी पूर्ण केली. अर्थात आपल्याला मॅरेथॉन धावावयाची नाही. ऐंशीनंतरही सुरुवात होऊ शकते, एवढेच त्यातून घ्यावे.

आपल्याकडे बारामतीच्या स्पर्धेत साठी ओलांडलेल्या लता करे पतीच्या उपचाराच्या पैशासाठी साडी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही आला. त्यांचे धैर्य मोठेच, पण एक गोष्ट विसरू नये. त्यांचे पाय वर्षानुवर्षांच्या मजुरीने तयार झालेले होते. ज्यांचे पाय काही वर्षे बसून आहेत, त्यांनी ते पाहून एकदम धावू नये.

सुरुवात करण्यापूर्वी

माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे आम्ही सांगतो. तसेच येथेही आहे.

१) डॉक्टरांचा सल्ला : हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट येणे, पूर्वीचे मोठे ऑपरेशन किंवा गुडघ्याला सूज असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तपासून घ्यावे. चालू असलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात. व्यायाम सुरू केला म्हणून कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

२) उठ-बस चाचणी : सुमारे दीड फूट उंचीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. घड्याळ धरायला नातवाला बसवावे. पुढील आकड्यांपेक्षा कमी वेळा जमले तर पाय कमजोर झाले आहेत असे समजावे.

वय ६० ते ६४ : पुरुष १४, स्त्रिया १२
वय ६५ ते ६९ : पुरुष १२, स्त्रिया ११
वय ७० ते ७४ : पुरुष १२, स्त्रिया १०
वय ७५ ते ७९ : पुरुष ११, स्त्रिया १०

नानांना पहिल्या दिवशी ५ वेळा जमले. हा आकडा आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेविला.

३) तोलाची चाचणी : भिंतीजवळ उभे राहून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना समोर लावावी आणि १० सेकंद तसेच उभे राहून पाहावे. जमले नाही तर पडण्याचा धोका अधिक आहे. अशांनी सर्व व्यायाम आधार धरूनच करावेत.

शिफारशीत मात्रा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, उदा. झपझप चालणे. त्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. हा अर्धा तास सलगच हवा असे नाही. नत्राचे हप्ते विभागून देतो तसे सकाळी १०, दुपारी घरातल्या घरात १० आणि संध्याकाळी १० मिनिटे केले तरी चालते.

ही मात्रा पहिल्या दिवशी देऊ नये. गव्हाला नत्र जास्त झाले तर पीक लोळते. आपलेही तसेच होते. पहिल्या उत्साहात तासभर चालायचे, दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसायचे आणि मग व्यायामाचे नाव काढायचे नाही, असे बहुतेकांचे होते. म्हणून पुढील वेळापत्रक ठेवावे.

पहिला व दुसरा आठवडा : रोज १० मिनिटे सपाट जागेवर चालणे.
तिसरा व चौथा आठवडा : १५ मिनिटे चालणे, आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम.
पाचवा ते आठवा आठवडा : २० मिनिटे चालणे, ताकदीचे दोन व तोलाचे तीन दिवस.
नववा ते बारावा आठवडा : ३० मिनिटे, जमेल तेथे वेग थोडा वाढवून.

वेग ओळखण्याची सोपी खूण अशी की, चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. अभंग आरामात म्हणता येत असेल तर चाल संथ आहे. दोन शब्द बोलतानाही धाप लागत असेल तर चाल जास्त आहे.

घरच्या घरी करावयाचे व्यायाम

यासाठी कोणतेही साहित्य विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक व्यायाम ८ ते १० वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोन आवर्तने करावीत. जोर लावताना श्वास रोखू नये, तोंडाने मोठ्याने आकडे मोजावेत म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

१) उठ-बस : खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. जमत नसेल तर बैठकीवर गोधडीची घडी ठेवून उंची वाढवावी. जसजसे जमेल तसतशी उंची कमी करावी. आधी गोधडीसह खुर्ची, मग नुसती खुर्ची, मग स्टूल, मग चौरंग आणि शेवटी भिंतीचा आधार घेऊन जमीन. हा क्रम पूर्ण होण्यास काही महिने लागतात, घाई करू नये.

२) भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळहात छातीच्या उंचीवर टेकवावेत. कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि परत यावे.

३) टाचा उचलणे : ओट्याची कड किंवा खांब धरून दोन्ही टाचा उचलाव्यात, क्षणभर थांबून सावकाश टेकवाव्यात. पोटऱ्यांना ताकद येते.

४) ओझे उचलणे : दोन हातांत पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन कोपरातून वर-खाली करणे. पुढे एक लिटरच्या घ्याव्यात.

५) एका पायावर उभे राहणे : खांब धरून १० सेकंद, मग दुसरा पाय. सवय झाल्यावर आधार एका बोटापुरता ठेवावा.

६) रेघेवर चालणे : अंगणात खडूची किंवा चुन्याची रेघ ओढून टाचेला बोटे लावत दहा पावले चालणे. बाजूला भिंत असावी.

सूर्यनमस्कार व आसनांविषयी अनेक जण विचारतात. आसनांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचे काम ज्यांनी १९२४ साली लोणावळ्याच्या कैवल्यधामातून सुरू केले, ते स्वामी कुवलयानंद त्यापूर्वी आपल्या अमळनेरमध्येच अध्यापन करीत होते. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. ज्यांना तरुणपणापासून सवय आहे त्यांनी ती जरूर चालू ठेवावी. मात्र पासष्टीला नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जाणकारासमोर शिकावे आणि गुडघा, कंबर किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर वाकण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत.

खान्देशच्या हवामानात घ्यावयाची काळजी

१) एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. या दिवसांत चालणे सकाळी सातच्या आत संपवावे. संध्याकाळी दिवस मावळल्यावर, तेही जमीन तापलेली नसेल तर चालावे. निघण्यापूर्वी व आल्यावर पाणी किंवा ताक घ्यावे. डॉक्टरांनी पाणी किंवा मीठ मोजून घ्यावयास सांगितले असेल त्यांनी तेच पाळावे.

२) पावसाळ्यात बांधावर व चिखलात चालू नये. मंदिराचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा किंवा घरातील पडवी वापरावी.

३) हिवाळ्यात दम्याच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी पहाटेच्या थंडीत निघण्याऐवजी कोवळे ऊन पडल्यावर निघावे.

४) अंधारात पांदण रस्त्याने जाताना बॅटरी व काठी घ्यावी, पायात बंद बूट असावेत. सापा-विंचवाचे भय आहेच. स्लीपर घालून चालू नये, ती सटकते. मधुमेहींनी परत आल्यावर तळपाय रोज पाहावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नये आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.

५) हमरस्त्यावर चालणे शक्यतो टाळावे. धुळे-जळगाव महामार्गावरील वाहतूक आपण पाहतोच. जावेच लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, फिकट कपडे घालून चालावे. वर सांगितलेले फौजा सिंग शंभर वर्षे ओलांडूनही चालते-फिरते होते, पण १४ जुलै २०२५ रोजी आपल्याच गावाजवळ वाहनाची धडक बसून गेले. पायांनी त्यांना शेवटपर्यंत साथ दिली, रस्त्याने दिली नाही.

केव्हा थांबावे ?

छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, एकदम सुटलेला घाम, बसल्यावरही न ओसरणारी धाप यांपैकी काहीही झाले तर तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘वायू असेल, जाईल’ म्हणून वेळ घालवू नये. नव्या व्यायामाने एक-दोन दिवस स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. पण सांध्यात तीव्र कळ किंवा सूज आली तर तो व्यायाम थांबवावा व दाखवून घ्यावे. दुखणे दोन दिवसांत ओसरले नाही तर पुढच्या वेळी मात्रा निम्मी करावी.

आहार

मशागत केली आणि खत दिले नाही तर उत्पन्न येत नाही. उतारवयात दात व भूक कमी झाल्यामुळे पुष्कळ जण चहा आणि खारीवर दिवस काढतात. स्नायूंना प्रथिने लागतात. दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. यासाठी डबे विकत आणण्याची गरज नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, हरभरा, शेंगदाणे, दूध, ताक आणि खात असल्यास अंडी हे सर्व आपल्या घरातच आहे. प्रत्येक जेवणात यांपैकी काहीतरी असावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच प्रमाण पाळावे.

लोक काय म्हणतील ?

खरे सांगायचे तर सर्वांत मोठी अडचण हीच आहे. नानांना पहिल्यांदा सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “लोके हासतीन.” पहिले पंधरा दिवस ते अंधारात चालायला जात, कोणी पाहू नये म्हणून. उठ-बस दार लावून करीत. पुढे शेजारचे एक आप्पा सोबत येऊ लागले, आता पाच जण आहेत. सोबत असली की खंड पडत नाही, एखादा आला नाही तर बाकीचे त्याच्या दारात उभे राहतात. म्हणून एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा गल्लीतील दोघा-तिघांना गाठावे.

भगिनींची अडचण याहून मोठी असते. “सासूबाई व्यायाम करतात” असे कोणी म्हणेल याचा संकोच वाटतो. घरकामात हालचाल होते, पण तेवढ्याने मांड्यांना आणि हाडांना पुरेसा भार मिळत नाही, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले आहे. चार जणींनी मिळून देवळापर्यंत जाण्याचा नेम केला तर संकोच कमी होतो. ताकदीचे व्यायाम घरातच करता येतात.

तरुणांना विनंती

समोर जे तरुण शेतकरी बसले आहेत त्यांना एवढेच सांगतो की, वडिलांच्या हातातील सर्व काम काढून घेऊ नका. जड ओझे, फवारणी, रात्रीची पाणपाळी ही कामे जरूर तुम्ही घ्या. पण चालण्याचे, पाहणीचे, हलके वाकण्याचे काम त्यांच्याकडे राहू द्या. आम्ही विहिरीवरचा स्टार्टर काढला नाही, तो सोयीचाच आहे. मात्र ठिबकचा फिल्टर धुणे आणि कोणत्या नळीतून पाणी येत नाही ते पाहणे, हे काम भावाने पुन्हा नानांकडे सोपविले. आता ते रोज सकाळी पायी विहिरीपर्यंत जातात. बागेतील बंद पडलेले ड्रिपर भावाच्या आधी त्यांना सापडतात, आणि ते संध्याकाळी त्याला ऐकवितातही.

बंधू-भगिनींनो, नानांचे गुडघे काही पूर्ववत झालेले नाहीत. पायऱ्या उतरताना अजून कठडा धरावा लागतो. पण तीन महिन्यांनी त्यांची उठ-बस ५ वरून ११ वर गेली. सहाव्या महिन्यात गावातील एका पंगतीला ते आपणहून गेले. मी लांबून पाहत होतो. जेवण झाल्यावर त्यांनी एक हात जमिनीवर टेकविला, एक गुडघा पुढे घेतला आणि उठले. कोणाचे लक्षही गेले नाही. हात धुऊन ते शेजाऱ्याशी कपाशीच्या भावाविषयी बोलत उभे राहिले.

आपण घरी गेल्यावर आज संध्याकाळीच खुर्ची भिंतीला लावून ३० सेकंदांची उठ-बस मोजावी, आकडा कॅलेंडरवर लिहावा आणि उद्या सकाळी दहाच मिनिटे चालावे. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा मी पिकाबरोबर आपला तो आकडाही विचारणार आहे.